मस्कतला न गेलेले त्रिभुवन सर

त्रिभुवन सरांना कुणी ‘कॅप्टन’ म्हटलेलं चालायचं नाही. सुट्टीच्या दिवशी शहरातून लोक नाथसागराच्या काठावर फिरायला यायचे. शिडाच्या होडीजवळ पांढरी टोपी घातलेला माणूस दिसला की त्यातला एखादा हमखास म्हणायचा, “काय कॅप्टन, मारता का एक चक्कर?” सर हातातलं काम थांबवायचे.

“कॅप्टन नाय. पेटी ऑफिसर. नौदलात वीस वर्षं. कॅप्टन लई वर असतो.”

एवढं सांगून झाल्यावरच ते चक्कर मारायची की नाही ते सांगायचे. बहुतेक वेळा नाहीच म्हणायचे. जे आपलं नाही ते कुणी दिलं तरी घ्यायचं नाही, अशी त्यांची एक हट्टी रीत होती. आणि जे आपलं आहे ते कुणी काढून घेईल, असं त्यांच्या मनातही आलं नसावं. निदान मी ओळखत होते त्या पहिल्या चार वर्षांत तरी.

बुटके, पोटऱ्या दगडासारख्या, चेहरा उन्हानं तांब्यासारखा झालेला. बारा महिने खाकी अर्धी चड्डी. गळ्यात दुर्बीण. वारा बघायला ते बोट ओलं करून वर धरत नसत, कानानं वारा बघत. पाण्याकडं तोंड करून उभे राहायचे आणि मान हळूहळू फिरवायचे. दोन्ही कानांत सारखा आवाज आला की थांबायचे. “हां. नाक ज्या दिशेला, वारा तिथनं.” आम्ही पोरी त्यांच्या मागं ओळीनं उभ्या राहून माना फिरवायचो, आणि रस्त्यानं जाणारे ट्रकवाले हसायचे.

होडीच्या दोरांना वाऱ्याची दिशा कळावी म्हणून हलकी फीत बांधायची असते. विकतची फीत त्यांना पटायची नाही. शहरात शहागंजातल्या जुन्या बाजारातून ते गाण्यांच्या कॅसेटी आणायचे आणि त्यातली काळी पट्टी कापून बांधायचे. एकदा माझ्या जोडीदारणीनं, रेखानं, त्यांच्याच पिशवीतली एक कॅसेट उचलून कात्री लावली. सर धावत आले. “ती ठेव! ती भीमगीतांची हाय. कापायची तर सिनेमाची काप.” मग स्वतःच हसले. “सिनेमावाल्याची कापल्यावर वारा चांगला कळतो. हलकी असती.”

क्लब माझ्या वडिलांचा. म्हणजे कागदावर बारा सभासद होते, पण जमीन पप्पांची, पत्र्याची शेड पप्पांची, चार होड्याही त्यांनीच आणलेल्या. गंगापूर तालुक्यातलं आमचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा पप्पा बारा वर्षांचे होते. आमच्या घराण्याला मोबदला मिळाला, पाण्याच्या कडेची वरची जमीन राहिली, पुढं पप्पांनी शहरात ठेकेदारी केली. सरही त्याच गावचे आणि पप्पांच्याच वर्गातले. त्यांच्या वस्तीला मुरमाड माळावर जागा मिळाली. अठराव्या वर्षी ते नौदलात गेले, आणि परत आल्यावर उस्मानपुऱ्याच्या मागं दोन खोल्या घेऊन राहिले. पप्पांना होड्यांची हौस सुचली तेव्हा त्यांनी सरांना बोलावून घेतलं. चारचौघांत ते त्यांना ‘त्रिभुवन सर’ म्हणत. शेडमध्ये दोघंच असले की, “भिवा, ते शीड वाळलं का रे?” सर मात्र कुठंही त्यांना ‘बापूसाहेब’च म्हणायचे.

माझ्या बाबतीतही असाच एक हिशेब होता. जमिनीवर मी ‘स्वातीताई’. होडीत पाय टाकला की, “स्वाते, झोपली का? दोर वढ!” मला हे दुसरं जास्त आवडायचं. त्यात माया आहे असं मला वाटायचं. आता वाटतं, पाण्यावर पप्पांचा सातबारा नव्हता, एवढंच त्याचं कारण असेल.

रेखा काठावरच्या भोयाच्या घरातली. तिचे वडील जाळी टाकायचे. ती माझ्याहून एका वर्षानं लहान, आणि माझ्याहून दुप्पट चांगली होडी चालवायची. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा कुणी बोललं असतं तर मला राग आला असता. आमची होडी दोघींची. एकीनं मागं बसून सुकाणू धरायचं, दुसरीनं पुढचं शीड सांभाळायचं आणि होडी कलली की अंग बाहेर झोकून तोल धरायचा. सरांनी वर्षभर आम्हाला आलटून पालटून दोन्ही जागा दिल्या. मग एक दिवस पप्पा म्हणाले, “स्वातीलाच सुकाणूवर ठेवा.” सरांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “बसा ताई सुकाणूवर. पण वारा रेखेच्या कानानं ऐका.”

या खेळात पंच प्रत्येक होडीजवळ नसतो. वळणावरच्या तरंगत्या बोयाला होडीचा स्पर्श झाला तर आपण आपलंच तिथं एक गोल गिरकी घ्यायची, तोवर बाकीच्या होड्या पुढं निघून जातात. सरांचं या नियमावर विलक्षण प्रेम होतं. ते तो असा सांगायचे, “आमच्या गावात आमचा हात लागला तर दुसरे आंघोळ करायचे. हितं बघा कसा न्याय हाय. ज्यानं शिवलं त्यानंच फिरायचं.” पोरी हसायच्या. मीही हसायचे.

पुण्याच्या एका स्पर्धेत शेवटच्या फेरीत आम्ही पहिल्या होतो. आमच्या होडीचा मागचा कोपरा बोयाला घासला. रेखा ओरडली, “लागला!” मी म्हणाले, “कुणी बघितलं नाही,” आणि सरळ पुढं काढली. आम्ही जिंकलो. काठावर आलो तेव्हा सर टाळ्या वाजवत नव्हते. दुर्बीण गळ्यात होती.

“लागला का नाय?”

मी जाकिटाचा पट्टा सोडवायला लागले. रेखा म्हणाली, “लागला.”

“चला मग.”

आम्हाला ओल्या कपड्यांनीच ते पंचांच्या तंबूत घेऊन गेले. मी माझ्या तोंडानं सांगितलं. ती फेरी बाद झाली, आम्ही चौथ्या नंबरवर गेलो. येताना पूर्ण रस्ता पप्पा गाडीत सरांवर धुमसत होते. सर मागच्या सीटवर खिडकीतून बाहेर बघत होते. नेवाशाच्या आसपास ते एवढंच बोलले, “बापूसाहेब, पोरीला एकदा सवय लागली तर पुढं लई जड जातं.”

दुष्काळाचा एक उन्हाळा आठवतो. नाथसागर इतका मागं गेला की आमची शेड पाण्यापासून दोन किलोमीटरवर राहिली. होड्या उलट्या करून ठेवल्या होत्या. त्या दिवसांत जुनं गाव वर आलं. पप्पा, सर, रेखा आणि मी, आम्ही चौघं भेगाळलेल्या गाळातून चालत तिकडं गेलो. घरांचे नुसते चौथरे, देवळाची पायरी, शाळेच्या ओट्याचा तुकडा. दोघंही माणसं एकदम बारा वर्षांची झाली. “हितं गुरुजी बसायचे.” “आन तू त्या चिंचेखाली,” पप्पा म्हणाले. सर शाळेच्या ओट्यापासून दहा पावलं लांब गेले आणि एका जागेवर उभे राहून म्हणाले, “मी हितं बसायचो. हितनं फळा दिसायचा.”

मग विहीर आली. आमच्या घराण्याची. गाळानं निम्मी भरलेली, पण चिरेबंदी काठ शाबूत. पप्पा टुणकन काठावर चढले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “ये भिवा, चढ वर. आता कुणाची हरकत नाय!”

ते चांगल्या मनानं म्हणाले, हे मला आजही कबूल आहे. पप्पा हसले, मी हसले. सरही हसले. पण ते चढले नाहीत. विहिरीला लांबून वळसा घालून ते पलीकडं गेले आणि रेखाला त्यांचं घर कुठं होतं ते दाखवत राहिले. तिथं दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढच्या वर्षी पाणी आलं. त्या हिवाळ्यात देशपातळीवरच्या स्पर्धेत आम्ही दुसऱ्या आलो आणि मस्कतच्या स्पर्धेसाठी आमची निवड झाली. आशियातल्या एकोणीस वर्षांखालच्या मुलामुलींची स्पर्धा. होड्या तिथं मिळणार, जायचं फक्त माणसांनी. दोन खेळाडू आणि सोबत एक प्रशिक्षक. प्रशिक्षकाचं नाव क्लबनं संघटनेला कळवायचं होतं.

सरांना मी एवढं बोलताना कधी बघितलं नव्हतं. नोकरीत असताना त्यांचं जहाज एकदा मस्कतला लागलं होतं. त्यांनी ते बंदर डेकवरून बघितलेलं, उतरायला मिळालं नव्हतं. पण वारा लक्षात होता. ओल्या वाळूत काठीनं किनारा काढून ते आम्हाला समजावायचे. “सकाळी वारा डोंगराकडनं यील. मेल्यावाणी. सगळे म्हणतील आज काय खरं नाय. घाई नक्को. दोनच्या सुमाराला समुद्राकडनं फिरंल. तव्हा डावीकडं कोण आसंल? तुम्ही. बाकीचे उजवीकडं झोपलेले असतील.” हे त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा वदवून घेतलं की रेखाची धाकटी बहीणसुद्धा ‘दोन वाजता डावीकडं’ म्हणत फिरायची.

नौदलात जहाजावरून देशोदेशी फिरलेल्या या माणसाचा स्वतःचा पासपोर्ट नव्हता. तो काढायला ते गेले तेव्हा जन्मस्थळावरून अडलं. त्यांनी जुन्या गावाचं नाव लिहिलं होतं. तिथल्या साहेबानं सांगितलं, या नावाचं गाव यादीत दिसत नाही, पुनर्वसनाच्या गावाचं नाव लिहा. सर म्हणाले, “गाव बुडालं साहेब. जन्म तिथंच झाला ना. जन्म कसा बुडंल?” तीन खेपा घातल्या, धरण खात्याचा कागद आणला, शाळेचा दाखला जोडला, पण जुन्या गावाचंच नाव छापून घेतलं. पासपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता आणि आम्हाला हात पुसून मगच धरू दिला. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बजावून त्यांना निळा कोट शिवायला लावला होता. त्याचंही त्यांना अप्रूप होतं आणि लाजही होती. “शिंप्यानं खांदे लई मोठे केले. आपण काय पुढारी हाव का?”

आता मी ते सांगते, जे सांगायला मी इतका वेळ लावला.

क्लबचं पत्र मी टाईप केलं. माझं इंग्रजी बरं होतं म्हणून पप्पांची सगळी पत्रं मीच करायचे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप होता, आई पोळ्या करत होती. पप्पांनी मजकूर सांगितला. प्रशिक्षकाच्या ओळीवर आले तेव्हा त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं.

मी थांबले. “आणि सर?”

“बाहेरच्या देशात सतरा लोकांशी बोलावं लागतं. त्याला जमणाराय का? क्लब कुणाचाय? होड्या कुणाच्यात? तो पुढच्या वेळी जाईल. लिही.”

मी लिहिलं. एवढ्याशा विरोधानंतर मी लिहिलं. आई पोळी लाटता लाटता एकदा माझ्याकडं बघून परत पोळपाटाकडं वळली. खरं सांगायचं तर मला भीती एकच होती, की पप्पा चिडले तर मलाही पाठवणार नाहीत. मला मस्कत बघायचं होतं.

चार दिवसांनी सर शेडमध्ये मला म्हणाले, “ताई, पत्र तुम्हीच केलं ना? माझ्या आडनावाचं स्पेलिंग नीट घातलं ना? पासपोर्टावर ‘वन’ला ‘व्ही’ हाय. लोक ‘डब्ल्यू’ घालतात. तेवढ्यावरनं विमानतळावर अडवतात म्हणं.”

मी म्हणाले, “हो सर. व्ही घातलाय.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि दोर गुंडाळायला लागले.

त्यानंतर जवळजवळ महिनाभर ते आम्हाला रोज पाण्यावर घेऊन गेले. एवढी मेहनत त्यांनी कधीच करून घेतली नव्हती. मला रोज वाटायचं की आज सांगावं. रोज काहीतरी निमित्त मिळायचं. आज ते थकलेत, आज खुशीत आहेत, आज रेखा बरोबर आहे. महिनाभरात तीसेक निमित्तं मला मिळाली.

व्हिसा आले तेव्हा पप्पांनी सरांना घरी बोलावलं. रेखाही आली होती. सर सोफ्याच्या कडेवर बसले. आईनं चहा ठेवला. पप्पा म्हणाले, “सर, जरा घोळ झाला बघा. संघटनेनं क्लबच्या सेक्रेटरीचंच नाव मंजूर केलं. म्हणजे माझंच. आपण लई सांगून बघितलं.”

सरांनी कप खाली ठेवला. ते पप्पांकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते. मी टिपॉयवरच्या बिस्किटांच्या ताटलीकडं बघत होते. त्यांना कळलं, हे मला न बघताही कळलं.

रेखा उठली. “मग मी जात नाय.”

“खाली बस,” सर म्हणाले.

“नाय सर. तुम्ही नाय तर मी पण नाय. त्येंला काय येतं? बापूसाहेबांना वारा कळतो का?”

पप्पांचा चेहरा लाल झाला. सरांनी आवाज चढवला. मी त्यांना जमिनीवर आवाज चढवताना तेवढं एकदाच ऐकलं. “रेखे, तुझ्या बापानं तुला ह्याच्यासाठी पाण्यात सोडलं का? तू जायचं. माझ्यावरनं राहिलीस तर मला तोंड दाखवू नको.” मग ते उभे राहिले. “येतो बापूसाहेब. चहा झाला, वहिनी.” चहा तसाच होता.

मस्कतबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. निळं पाणी, मागं करडे डोंगर, दहा-बारा देशांची मुलं. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात प्रत्येक संघाचा प्रशिक्षक छोट्या मोटारबोटीतून आपल्या मुलांजवळ यायचा, पाणी द्यायचा, वारा समजावायचा. आमचे प्रशिक्षक पहिल्याच दिवशी बोट लागून आडवे झाले. नंतर ते काठावरच्या छत्रीखाली बसून फोटो काढायचे. रेखा माझ्याशी होडीपुरतंच बोलायची. ढील दे. वढ. वळ. आठवडाभर तेवढेच शब्द.

पहिल्या तीन दिवसांत आम्ही बाराव्या, चौदाव्या, अकराव्या. चौथ्या दिवशी सकाळी वारा अगदीच मेलेला होता. जेवणानंतर फेरी सुरू झाली. सगळ्या होड्या उजवीकडं गेल्या. रेखा म्हणाली, “डावीकडं घे.” मी म्हणाले, “अजून दोन वाजले नाहीत.” ती म्हणाली, “कान लाव.” मी मान फिरवली. समुद्राकडून काहीतरी येत होतं. आम्ही एकट्याच डावीकडं गेलो आणि वारा आमच्यावर पहिला आला. त्या फेरीत आम्ही तिसऱ्या आलो. पूर्ण स्पर्धेत मिळून अकराव्या. पण ती एक फेरी लोकांच्या लक्षात राहिली. सिंगापूरच्या संघाचा प्रशिक्षक काठावर येऊन पप्पांना विचारत होता, तुम्हाला हे कसं कळलं? पप्पा त्याचा हात हलवत हसत राहिले.

हॉटेलात आल्यावर रेखानं सरांना फोन लावला. मी शेजारच्या पलंगावर होते. फोनचा आवाज मोठा होता.

“तिसऱ्या आलो सर! डावीकडनंच!”

तिकडून सर म्हणाले, “वारा कधी फिरला?”

“दीडला.”

“मी दोन म्हणलो होतो.”

“व्हय.”

“म्हणजे अर्धा तास चुकलो.” “लई दिवस झाले ना बघून.”

रेखानं फोन माझ्याकडं धरला. मी हात पुढं केला. तिकडून आवाज आला, “ठेवतो मी.”

परतल्यावर शहरात सत्कार झाला. चौकात फलक लागले. त्यावर पप्पा आमच्या दोघींपेक्षा मोठे, आणि खाली ‘आंतरराष्ट्रीय प्रशिक्षक’. सभागृह भरलं होतं. सर आणि काकू तिसऱ्या रांगेत होते. सरांनी तो निळा कोट घातला होता, आणि खांदे खरंच मोठे झाले होते. भाषणं संपल्यावर निवेदकानं पुकारलं, “आता आपण क्लबचे बोटमन श्री. त्रिभुवन यांचाही शाल देऊन सन्मान करू या.”

मी वाट बघत होते. बोटमन नाय, असं ते म्हणतील, माईकवर म्हणतील, सगळ्यांसमोर म्हणतील. मनातून मला ते हवंच होतं. कुणीतरी बोललं असतं म्हणजे मी न बोललेलं थोडं हलकं झालं असतं. ते वर आले, शाल घेतली, मान लववली. माईककडं वळले नाहीत. जाताना त्यांनी कोटाच्या खिशातून शेडच्या किल्ल्या काढल्या, पप्पांच्या समोरच्या टेबलावर हारांच्या शेजारी ठेवल्या आणि पायऱ्या उतरून काकूंना घेऊन बाहेर गेले. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या.

क्लब आणखी दोन वर्षं चालला, मग बंद पडला. रेखा पोलिसात गेली, नांदेडकडं असते, माझा फोन उचलत नाही. मला खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी लागली. त्यासाठी मस्कतचं प्रमाणपत्र जोडावं लागलं. प्रशिक्षकाच्या ओळीत पप्पांचं नाव आहे. त्याची साक्षांकित प्रत माझ्या सेवापुस्तकात आहे. पप्पा आता थकलेत. त्यांच्यासमोर विषय निघाला तर म्हणतात, “भिवाला पाणी कुणी दिलं? मीच ना?” मी त्यावरही काही बोलत नाही. मला सवय लागली आहे.

गेल्या हिवाळ्यात मी, माझा नवरा आणि चार वर्षांची अन्वी, आम्ही शहराबाहेरच्या एका तलावावर गेलो होतो. तिथं पायानं चालवायच्या, बदकाच्या आकाराच्या बोटी आहेत. रांगेत उभं राहिल्यावर मला ते दिसले. लाकडी धक्क्यावर, हातात लोखंडी आकडा लावलेला लांब बांबू. लोकांची बदकं जवळ आली की ते आकड्यानं ओढून घेत होते. केस पूर्ण पांढरे, पाठ थोडी वाकलेली. पोटऱ्या तशाच.

त्यांनी मला ओळखलं. लगेच ओळखलं. अन्वीपुढं गुडघे टेकून त्यांनी तिला जाकीट घातलं, पट्टे आवळले. “नाव काय?” तिनं सांगितलं. “हात आत ठेवायचा. पाण्यात घालायचा नाय.” नवरा आणि ती बोटीत बसले, त्यांनी बांबूनं बोट लोटली. मी मागं राहिले.

“काकू कशा आहेत?”

“बऱ्या हायत. गुडघे धरलेत.”

“तुम्ही रोज इथं असता?”

“सोमवार सोडून.”

तलावात सात-आठ बदकं गोल गोल फिरत होती. ते त्यांच्याकडं बघत होते, एक एक मोजल्यासारखे. मी म्हणाले, “सर, ते पत्र. तुम्ही मला स्पेलिंगचं विचारलं होतं. मी खोटं बोलले. मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.”

त्यांनी बांबू धक्क्यावर टेकवला. मला वाटलं, ते म्हणतील जाऊ द्या, लहान होता तुम्ही. बारा वर्षं मी ते वाक्य त्यांच्या तोंडात घालून बघत आले होते.

“व्हय,” ते म्हणाले. “सांगायला पाहिजे होतं.”

मग त्यांनी शिट्टी वाजवली. “सात नंबर! वेळ झाली, परत घ्या!” सात नंबरचं बदक कासवाच्या गतीनं आलं. त्यांनी आकडा अडकवून ओढलं, त्यातल्या म्हातारीला हात देऊन वर घेतलं. पुढच्या कुटुंबाला जाकिटं दिली. अन्वीची बोट आली तेव्हा तिला काखेत धरून उचललं, फळ्यांवर उभं केलं, पट्टे सोडले, ओलं जाकीट खिळ्याला अडकवलं आणि रांगेकडं बघून पुढचा नंबर पुकारला.